बर्फातली गाडी फ्रेममध्ये आली की व्हिडिओ बिघडतो: दर खेपेच्या घोळाची कारणं आणि उपाय

लक्षण साधारण असं असतं. डोंगरउतारावर सगळीकडे बर्फ, त्यातून जाणारे रूळ, ट्रायपॉडवर कॅमेरा. गाडी यायच्या आधी स्क्रीनवर सगळं सुरेख दिसत असतं. मग गाडी बोगद्यातून बाहेर पडते, फ्रेम भरून टाकते आणि निघून जाते. संध्याकाळी मोठ्या स्क्रीनवर क्लिप लावावी, तर सुरुवातीचा बर्फ करडा, मळकट. गाडी मधोमध आली की तोच बर्फ भक्क पांढरा, त्यातली एकही रेघ शिल्लक नाही. गाडी गेली की परत करडा. कधी त्याच काही सेकंदांत रंगही सरकतो. कधी इंजिनाचं तोंड धूसर आणि त्याच्या पुढ्यात पडणारे हिमकण मात्र स्पष्ट. आणि हे एखाद्या दिवशी नाही, दर खेपेला होतं. कॅमेरा बदलला तरी होतं, लेन्स बदलली तरी होतं.

पहिले दोन हिवाळे मी यातला एकेक दोष वेगळा धरून त्याच्या मागे लागलो. तिसऱ्या हिवाळ्यात लक्षात आलं की बहुतेक दोषांचं मूळ एकच आहे. आपण वाट बघत असतो तेव्हा कॅमेरा रिकाम्या बर्फाकडे बघून स्वतःची सेटिंग ठरवत असतो. गाडी येते, तीन-चार सेकंदांत फ्रेममधलं सगळं बदलतं आणि कॅमेरा सगळं नव्याने ठरवायला घेतो. ज्या सेकंदांसाठी आपण थंडीत उभे असतो, नेमक्या त्याच सेकंदांत त्याची चाचपणी चालू असते. तेव्हा जे ठरवायचं ते गाडी यायच्या आधी आपणच ठरवायचं, आणि रिकाम्या फ्रेमसाठी नाही, अजून न आलेल्या गाडीसाठी ठरवायचं. खालचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी क्लिप तपासा

बिघडलेली क्लिप लगेच पुसून टाकू नका, दोष कुठला आहे ते तीच सांगते. ती तीन ठिकाणी थांबवा: गाडी यायच्या आधी, गाडी मधोमध असताना आणि गाडी गेल्यावर. तिन्ही ठिकाणी बर्फाचा एकच तुकडा बघा. तो रुळांपासून लांबचा असावा, गाडीची सावली त्याच्यावर पडता कामा नये. मी बहुधा कुंपणाच्या खांबावर साचलेली बर्फाची टोपी धरतो. तिचा उजेड तिन्ही ठिकाणी वेगळा दिसला तर ऑटो एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते कॅमेराच ठरवतो ती सोय) चालू राहिलं होतं. उजेड तोच पण रंग सरकला तर व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर होता. तिन्हीकडे सारखीच करडी असेल तर एक्स्पोजर हलला नाही, पण मुळातच कमी घेतला गेला. टोपी रेखीव आणि गाडी धूसर असेल तर फोकसचा घोळ. सगळंच मऊ आणि कडा थरथरत असतील तर फोकसला दोष देऊ नका, ती हवेची करामत आहे. आणि सगळ्या फ्रेमवर दुधी पडदा असेल तर काचेवर बाष्प धरलं होतं.

एवढं कळलं की अर्धं काम झालं. सगळे उपाय एकदम करत बसलं की कुठल्या उपायाने काय सुधारलं ते कळत नाही.

करडा बर्फ, मग जळालेला बर्फ

कॅमेऱ्याचा मीटर समोरून परत येणारा प्रकाश मोजतो आणि समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवतं, असं धरून चालतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के परत पाठवतो. मीटरच्या हिशेबात हा उजेड फार होतो, म्हणून तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि पांढऱ्याचा करडा करतो. गणिताने फरक दोन स्टॉपांहून थोडा जास्त भरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). प्रत्यक्ष फ्रेममध्ये खडक, झाडं, खांबही असतात, त्यामुळे मीटर सांगतो त्याच्यावर दीड ते दोन स्टॉप चढवले की बर्फ बर्फासारखा दिसतो.

पण निव्वळ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मापावर हाताने चढवलेली वाढ) दीडवर ठेवून भागत नाही, आणि नेमकी इथेच बरीच मंडळी अडकतात. कॉम्पेन्सेशन ठेवलं तरी मीटर चालूच असतो. गडद इंजिन फ्रेममध्ये शिरलं की त्याला अंधार झाल्यासारखं वाटतं, तो एक्स्पोजर वर नेतो, त्यावर आपले दीड स्टॉप चढलेले असतातच. बर्फ जळतो. स्वित्झर्लंडमधल्या लांडवासर पुलाचं उदाहरण घ्या. १९०२ मध्ये बांधून झालेला हा दगडी पूल ६५ मीटर उंच आणि १३६ मीटर लांब आहे, वळणावर आहे आणि एका टोकाला थेट कड्यातल्या बोगद्यात शिरतो. एका बाजूला काळपट कडा, खाली पांढरी दरी, मधून लाल गाडी. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, फ्रेममध्ये कडा किती आणि दरी किती हे प्रमाण दर सेकंदाला बदलतं. ऑटो एक्स्पोजरला तिथे स्थिर राहणं शक्यच नाही.

म्हणून पूर्ण मॅन्युअल. शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), तिन्ही. आयएसओ ऑटोवर राहिलं तर बाकीचं मॅन्युअल असून उपयोग नाही; माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या निम्म्या क्लिप यानेच गेल्या.

मापायची माझी पद्धत अशी. झीब्रा, म्हणजे फार उजळ भागावर स्क्रीनवर तिरके पट्टे दाखवणारी सोय, ९५ टक्क्यांवर लावतो. फ्रेममधला सर्वांत उजळ बर्फ शोधतो, म्हणजे सूर्याकडे तोंड असलेला उतार. एक्स्पोजर चढवत नेतो, तिथे झीब्राचे पट्टे पसरायला लागले की थोडा उतरवतो, अगदी तुरळक ठिकाणी पट्टे राहतील इतका. झीब्रा नसेल तर हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख) बघा. बर्फाचा उंचवटा उजव्या भिंतीच्या जवळ हवा, पण तिला टेकलेला नको. मग गाडीचा विचार करतो. तिचा हेडलाइट जळणार, जळू दे. डब्यांखालचा भाग काळा राहणार, राहू दे. सावल्या नंतर उचलता येतात, जळालेला बर्फ परत आणता येत नाही.

स्क्रीनवरच्या दिसण्यावर मात्र विसंबू नका. बर्फाच्या चकाकीत स्क्रीन अंधारी वाटते आणि हात आपोआप एक्स्पोजर चढवतो. पोलराइझ्ड गॉगल घातला असेल तर काही स्क्रीन एका कोनातून काळ्याठिक्करही दिसतात. झीब्रा आणि हिस्टोग्रामला हा त्रास नाही.

ढग येत-जात असतील तर दर दहा मिनिटांनी पुन्हा मापा. गाडी नजरेत आली की मात्र हात मागे. अशा दिवशी मी मुद्दाम एक स्टॉप कमीच ठेवतो. शेवटच्या मिनिटाला ऊन फुटलं तरी बर्फ तगतो.

ऊन-सावलीची रेघ

एक्स्पोजर नीट मापूनही क्लिप बिघडते, तेव्हा बहुधा गाडी सावलीतून उन्हात आलेली असते. डोंगरात हिवाळ्याचा सूर्य फार खाली असतो. २१ डिसेंबरच्या सुमाराला भर दुपारी तो किती उंच असेल हे काढणं सोपं आहे: ९० मधून त्या जागेचा अक्षांश वजा करा, मग आणखी २३.४ वजा करा. काश्मीरमध्ये बनिहालला तो सुमारे ३३ अंशांवर येतो, स्वित्झर्लंडमधल्या बर्निना खिंडीत साधारण २० अंशांवर आणि नॉर्वेच्या बर्गन मार्गावरच्या फिन्से स्थानकात जेमतेम ६ अंशांवर. समोर जरा उंच कडा असला की रूळ दिवसभर सावलीत आणि मागचं शिखर मात्र झगझगीत. उघड्या सावलीत आणि उन्हात सुमारे तीन स्टॉपांचा फरक सहज पडतो. एका सेटिंगमध्ये दोन्ही नीट बसवणं कठीण.

यावर सेटिंगचा उपाय नाही, जागेचा आहे. आदल्या दिवशी गाडीच्याच वेळेला तिथे जाऊन सावलीची कड कुठे पडते ते बघून यावं. मग शॉट एक तर पूर्ण सावलीत बांधावा किंवा पूर्ण उन्हात. मला स्वतःला पूर्ण सावलीतले शॉट जास्त आवडतात. बर्फाचा पोत त्यात मऊसर उमटतो आणि डब्यांच्या खिडक्यांतला पिवळा उजेड उठून दिसतो.

रंग का सरकतो

बर्निना मार्गावरच्या गाड्या लालभडक आहेत आणि ७० प्रति हजार इतका चढ दातेरी रुळाशिवाय चढतात, म्हणजे वळणांवर त्या सावकाश असतात. लाल डबे फ्रेममध्ये बराच वेळ राहतात. ऑटो व्हाइट बॅलन्सला लाल जास्त झाल्यासारखं वाटतं, तो विरुद्ध दिशेला ओढतो आणि बर्फ हिरवट-निळा व्हायला लागतो. गाडी गेल्यावर तीन सेकंदांनी हळूच मूळ रंग परत येतो. एडिटिंगमध्ये हे दुरुस्त करणं फार किचकट, कारण दोष एका जागी नसून सरकत असतो.

व्हाइट बॅलन्स केल्व्हिनमध्ये, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या आकड्यात, पक्का करा. उन्हात ५५००, ढगाळ असेल तर ६००० ते ६५००. सावलीतला बर्फ निळा दिसतो, कारण त्याच्यावर सूर्याचा नाही, आभाळाचा उजेड पडलेला असतो. तो निळा पूर्ण घालवायचा मोह आवरा. सगळा निळा काढला की थंडीच नाहीशी होते आणि उन्हातली शिखरं पिवळी पडतात.

शटर आणि एनडी फिल्टर

बर्फाच्या उजेडात एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळपट काच) नसेल तर शटर १/२००० वगैरेपर्यंत न्यावं लागतं. मग गाडी झटक्याझटक्याने सरकल्यासारखी दिसते आणि डब्यावरची एलईडी पाटी लुकलुकते किंवा अर्धवटच दिसते. २५ फ्रेमला १/५० हे नेहमीचं शटर. आता हिशेब बघा. भर उन्हातल्या बर्फाला आयएसओ १०० वर शटर १/१०० असेल तर एफ २२ च्या आसपास लागतं. आपल्याला एफ ५.६ आणि १/५० हवं. एफ २२ ते ५.६ चार स्टॉप, शटरचा एक, एकूण पाच. म्हणजे एनडी ३२, उजेडाचा बत्तिसावा हिस्साच आत सोडणारा. लॉगमध्ये (नंतर रंग जुळवण्यासाठी फिकं चित्र नोंदवायच्या पद्धतीत) आयएसओ ८०० पासूनच सुरू होणारे कॅमेरे असतात, तिथे आणखी तीन स्टॉप लागतात. अंदाजाने एनडी ८ घेऊन गेलेला माणूस इथेच अडतो.

व्हेरिएबल एनडीबद्दल, म्हणजे फिरवून गडदपणा कमी-जास्त करता येणाऱ्या फिल्टरबद्दल, एक इशारा. तो दोन पोलराइझरांचा बनलेला असतो आणि वाइड लेन्सवर जास्त फिरवला की फ्रेमवर फुलीच्या आकाराचा गडद पट्टा उमटतो. इतर ठिकाणी हा पट्टा लपतो, एकसारख्या पांढऱ्या बर्फावर मात्र लगेच दिसतो. पॅन करताना निळं आभाळही एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं होत जातं. बर्फासाठी ठरावीक क्षमतेचे साधे फिल्टर बरे.

बर्फ पडत असेल तर मी १/५० सोडून १/१०० घेतो. १/५० ला हिमकणांच्या लांब रेघा होतात आणि पाऊस पडतोय की काय असं वाटतं. ही माझी आवड आहे, नियम नाही.

फोकस: इथे थोडं थांबू

ऑटोफोकसला धरायला कड लागते, आणि कोऱ्या बर्फात कडच नसते. बोगद्याच्या तोंडावर नेमून ठेवलं तर समोर काळं भोक, तिथेही धरायला काही नाही. तेवढ्यात लेन्सपासून दोन मीटरवरून एक मोठा हिमकण जातो, फोकस त्याच्यावर उडी मारतो, मागे येतो, पुन्हा जातो. गाडीचा हेडलाइट दिसतो तेव्हा फोकस कुठल्या तरी मधल्याच अंतरावर असतो.

टेलिफोटोवर हे दुप्पट जाणवतं. जपानमधल्या तादामी मार्गावरच्या पहिल्या तादामी नदी पुलाचा शॉट टेकडीवरच्या चबुतऱ्यावरून घेतात. कॅमेरा आणि पूल यांच्यामधली सगळी हवा पडत्या बर्फाने भरलेली असते, आणि ऑटोफोकसला त्यातलं काहीही पुलाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मी काय करतो ते सविस्तर सांगतो. पोचल्या पोचल्या फोकस लावत नाही. लेन्स आधी बाहेरच्या थंडीत वीस-तीस मिनिटं राहू देतो, कारण लेन्स थंड होताना फोकसची जागा थोडी सरकते. उबदार मोटारीतून उतरून लगेच लावलेला फोकस अर्ध्या तासाने हमखास चुकलेला सापडतो. मग गाडीचं तोंड जिथे सर्वांत चांगलं दिसायला हवं ती जागा ठरवतो आणि तिथली एखादी उभी वस्तू शोधतो. ओव्हरहेड वायरचा खांब सर्वांत उत्तम. त्याच्यावरचे बोल्ट आणि नंबराची पाटी यांना धारदार कडा असतात. खांब नसेल तर रुळाचा वरचा भाग धरतो. गाड्यांनी घासून तो लखलखीत असतो आणि पांढऱ्यात एक बारीक काळी-रुपेरी रेघ दिसते. स्क्रीनवर चित्र दहापट मोठं करतो, कडी फिरवत खांबाच्या अलीकडे जातो, पलीकडे जातो, मग मधे येऊन थांबतो. मॅन्युअलवर टाकतो आणि फोकसच्या कडीवर चिकटपट्टी लावतो. जाड हातमोज्यांनी कडी नकळत फिरते, आणि फिरलेली कळतही नाही. म्हणून पट्टी. कडी शेवटपर्यंत फिरवून अनंतावर टेकवायची सवय सोडा. बऱ्याच लेन्सची कडी अनंताच्या पुढेही जाते.

अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते ८. त्याहून उघडं ठेवलं की जवळचे हिमकण मोठ्या धूसर चकत्या होऊन गाडीसमोर तरंगतात.

आता ती थरथर. फोकस बरोबर, शटर बरोबर, तरी लांबची गाडी मऊ. हे मी दोन वेळा उबदार मोटारीच्या उघड्या खिडकीतून शूट करताना अनुभवलं. आतली गरम हवा खिडकीतून बाहेरच्या गार हवेत मिसळत असते, आणि लेन्स त्याच मिसळणाऱ्या हवेतून बघत असते. गरम लेन्सच्या हूडमध्येही हेच होतं. मोटारीबाहेर या, लेन्स थंड होऊ द्या, थरथर जाते. उन्हाने तापलेल्या खडकावरून किंवा डिझेल इंजिनाच्या धुराड्यावरून बघत असाल तर मात्र जागा बदलण्यावाचून इलाज नाही.

पडणारा बर्फ आणि चौकोन-चौकोन झालेलं चित्र

कधी फोकस, एक्स्पोजर सगळं ठीक असतं, पण बर्फ पडायला लागला की चित्र चौकोनी ठिकऱ्यांचं होतं. व्हिडिओ साठवताना कॅमेरा एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत काय बदललं तेवढंच बहुतेक वेळा लिहितो. पडत्या बर्फात प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ प्रत्येक ठिकाणी काही तरी बदललेलं असतं. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लिहिता येणारी माहिती, अपुरा पडतो. कॅमेऱ्यातला सर्वांत मोठा बिटरेट निवडा, ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारा प्रकार) असेल तर तोच, आणि कार्ड तो पेलणारं आहे ना हे आधी बघा. १० बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारा पर्याय) उपलब्ध असेल तर घ्या. ढगाळ आभाळ आणि बर्फ यांच्या सलग छटांत ८ बिटला पट्टे पडतात.

ट्रायपॉड

पाय बर्फात रुततात ते शॉट चालू असताना. आधी बुटांनी बर्फ तुडवून घट्ट करा, मग ट्रायपॉड ठेवून वरून दाबा. खोल बर्फात पाय पूर्ण फाकवून दाबू नका, बर्फ त्यांना आणखी बाहेर ढकलतो आणि सांध्यावर ताण येतो. फ्लुइड हेडमधला (ट्रायपॉडच्या वरच्या फिरत्या भागातला) द्रव थंडीत घट्ट होतो, त्यामुळे पॅन सुरुवातीला अडकतो आणि मग झटक्याने सुटतो. ड्रॅग (हेडचा फिरताना होणारा विरोध) कमी करा आणि वाट बघताना दर काही मिनिटांनी पूर्ण पॅन दोन-चार वेळा करून बघा. तालीमही होते, हेडही मोकळं राहतं. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हातातली थरथर सावरणारी यंत्रणा) बंद. फ्रेम भरून सरकणाऱ्या डब्यांमुळे काही यंत्रणांना कॅमेराच हलतोय असं वाटतं आणि मागचा डोंगर सरकायला लागतो.

आवाज, आणि त्याहून महत्त्वाचं

ताज्या बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या आवाज गिळतात. ती शांतता सुंदर असते, पण तिच्यामुळे गाडी फार जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. कानांवर टोपी, त्यावर हूड, डोळे स्क्रीनवर. गाडीचा आवाज आला की बाजूला होऊ, या भरवशावर कधीही उभं राहू नका. जागाच अशी निवडा की कुठल्याही गाडीसाठी बाजूला व्हावं लागणार नाही. बर्फ काढणारी गाडी दोन्ही बाजूंना कित्येक मीटर बर्फ फेकते, आणि त्यात गोठलेले घट्ट गोळेही असतात. वेगाने जाणारी साधी गाडीसुद्धा रुळांवरचा भुसभुशीत बर्फ उडवत जाते. तो लोट लेन्सवर आला तर पुढची गाडी हातची गेली.

ध्वनिमुद्रणात एक्स्पोजरसारखीच चूक होते. ऑटो लेव्हल शांततेत आवाज चढवत बसते, वाऱ्याची घरघर वर येते, आणि हॉर्न वाजला की सगळं फाटतं. लेव्हल हाताने लावा आणि ती हॉर्नच्या हिशेबाने लावा. माइकवर केसाळ कव्हर हवंच. नुसता स्पंज डोंगरातल्या वाऱ्याला पुरत नाही.

बॅटरी

थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बॅटरी संपली समजून बंद होतो. चार्ज गेलेला नसतो. तीच बॅटरी आतल्या खिशात अर्धा तास ठेवली की पुन्हा चालते. म्हणून दोन बॅटऱ्या अंगाशी आणि एक कॅमेऱ्यात, आळीपाळीने. गाडी यायच्या पाच मिनिटं आधी उबदार बॅटरी घाला. शून्याखाली बॅटरी चार्ज मात्र करू नका. इलेक्ट्रोडवर लिथियम धातूचा थर जमतो आणि बॅटरी कायमची खराब होते.

फोनवर शूट करणाऱ्यांसाठीही हेच, फक्त फोन जास्त अचानक बंद पडतो. तो शेवटच्या क्षणापर्यंत खिशात ठेवा. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतो. बोट त्या ओव्हरहेड खांबावर दाबा, मग एक्स्पोजर सरकवून बर्फाला बरोबर आणा. हे केलं नाही तर वर सांगितलेला सगळा घोळ फोन जसाच्या तसा करेल.

काचेवरचा बर्फ आणि बाष्प

थंड काचेवर पडलेला हिमकण कोरडा असतो, ब्लोअरने उडून जातो. तोंडाने फुंकलंत तर श्वासातलं बाष्प तिथेच गोठतं. बोटाने पुसलंत तर वितळून पसरतो आणि त्याचा पापुद्रा होतो. त्यामुळे लेन्स थंडच ठेवायची, हूड लावलेलं, शॉट नसताना झाकण बंद. कॅमेरा जॅकेटच्या आत घेऊन ऊब द्यायची चूक अनेक जण कॅमेऱ्याच्या काळजीपोटी करतात. अंगाजवळची हवा दमट असते. कॅमेरा आत जाताच काच ओली होते, बाहेर काढताच ते पाणी गोठतं. ऊब बॅटरीला द्या, कॅमेऱ्याला नको.

खरा धोका परत आल्यावर असतो. गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत उघडा आणला की खोलीतली दमट हवा त्याच्या थंड भागांवर पाणी सोडते, आणि ते नुसत्या पुढच्या काचेवर नाही, लेन्सच्या आतल्या काचांवर आणि सर्किटवरही. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या शॉटवर दिसणारा दुधी पडदा बहुधा आदल्या संध्याकाळचा असतो. बाहेर असतानाच कॅमेरा आणि लेन्स हवाबंद झिपच्या पिशवीत घालायचे, शक्य तितकी हवा काढायची आणि मग आत यायचं. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं, कॅमेरा आत कोरडा राहतो. मोठ्या टेलिफोटोला खोलीच्या तापमानाला यायला दोन तासही लागतात. पिशवी हाताला गार लागते तोवर उघडायची नाही.

त्या दोन तासांत क्लिप बघायची घाई होतेच, मलाही होते. म्हणून पिशवी बंद करण्याआधी, बाहेर थंडीतच, कार्ड काढून कोरड्या डबीत ठेवतो आणि आतल्या खिशात घालतो. कॅमेरा पिशवीत निवांत गरम होत असतो आणि मी खांबावरच्या त्या बर्फाच्या टोपीवर क्लिप थांबवून बघत असतो: आधी, मधोमध, नंतर.